वाघरीला टांगलेलं पेन

वारंगा फाटा

नांदेडहून आलेल्या एसटीनं मला वारंगा फाट्यावर उतरवलं, तेव्हा दत्ता तिथं नव्हता. त्याचा एक मित्र हळदीची पोती पोचवून रिकामा पिकअप घेऊन परतणार होता, त्यात बसून तो मला घ्यायला येणार होता. फोन लावला तर म्हणाला, "ताई, टायर पंक्चर झालं. तुमी खिचडी खाऊन घ्या, तवर येतोच."

आमच्याकडे पुण्यात खिचडी म्हणजे ताप उतरलेल्या माणसाचं जेवण. फाट्यावर ती धडधाकट माणसं सकाळी सकाळी खातात. पिवळीजर्द, वर दोन भजी, बाजूला कढी आणि मीठ लावून तळलेली मिरची. ट्रकवाले उभ्या उभ्या खाऊन निघून जात होते. मी थोडी उरवली, तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "काहून ताई, तिखट झाली का?" पोट भरलं म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. त्यानं आणखी एक डाव वाढला आणि मी खाते की नाही ते बघत उभा राहिला.

मी प्रदर्शनं मांडते. चित्रं दुसऱ्यांची असतात. कोणतं कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, कोणाच्या शेजारी, एवढं मी ठरवते. तरुणपणी मीही चित्रं काढत होते, मग हळूहळू थांबले. का, असं कोणी विचारलं की मी चहा टाकायला उठते. स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. ही हकिगत लिहायला घेतली तेव्हाही पहिल्या खर्ड्यात खिचडी होती, मेंढ्या होत्या, माणसं होती आणि एक पहाट नव्हती. तो खर्डा फाडला. या वेळी ती पहाट ठेवली आहे.

दत्ता साखऱ्याचा. आयटीआयला फिटरचं शिकला, मग चित्रकलेच्या कॉलेजात आला. तिथं मी काही वर्षं शिकवत होते. शिक्षण संपवून तो गावी परतला आणि शेती करता करता चित्र काढणारी यंत्रं बनवू लागला. त्याच्या यंत्रांना मोटर नसते. वारा, पाणी, जनावर, जो कोणी हलवेल त्याच्या हलण्यानं ती चालतात आणि टोकाला बांधलेलं पेन कागदावर फिरतं. चित्र कसं येणार हे दत्ताला माहीत नसतं. त्याला ते माहीत नसायलाच हवं असतं. गेल्या तीन हिवाळ्यांत त्याचं एक यंत्र मेंढ्यांच्या कळपाजवळ उभं होतं आणि त्यातून कागदांची एक ट्रंक भरली होती. पुण्याच्या एका कलादालनानं पावसाळ्यात त्यासाठी जागा दिली होती. हे सगळं लोकांना दाखवायचं कसं, ते ठरवायला मी निघाले होते. निवडून लावायचं की सगळंच, शेजारी यंत्र ठेवायचं की नाही, आणि चित्राखाली नाव कोणाचं लिहायचं.

साखरा

पिकअपची खिडकी बंद होत नव्हती आणि हौद्यातल्या रिकाम्या पोत्यांतली हळद सगळी वाट आमच्या अंगावर उडत होती. कळमनुरी, हिंगोली, सेनगाव मागे पडेपर्यंत माझा पांढरा कुर्ता पिवळा झाला. दत्ताच्या दारात उतरले तेव्हा त्याची बायको मीना तांब्या घेऊन उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ताईला हळद लावूनच आणली की. नवरदेव कुठं हाय?"

माझं वय चोपन्न आणि लग्न केलेलं नाही. पुण्यात कोणाच्या तोंडून असं निघालं असतं, तर त्या माणसानं मागून फोन करून माफी मागितली असती. इथं शेजारणी हसल्या, मीही हसले, आणि त्यातच आळीभर सगळ्यांना काय ते कळून गेलं. पुढं कोणी तो विषय काढला नाही. मला ही पद्धत सोयीची वाटली.

जेवायला ज्वारीची भाकर, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि कांद्याची पात होती. जेवण झाल्यावर दत्तानं ट्रंक उघडली आणि मधल्या खोलीत कागद पसरले. बहुतेक कागद सारखेच दिसत होते. मधोमध काळ्या शाईची बारीक दाट वीण, चिमणीनं घरटं करायला आणलेल्या काड्यांसारखी, आणि भोवती कोरा कागद. क्वचित एखादी रेष त्या घरट्यातून निसटून कडेपर्यंत गेलेली. प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं त्या रात्री कळप कोणाच्या रानात होता ते लिहिलेलं.

सवयीनं माझे हात चालू लागले. बरे कागद डावीकडे, बाकीचे उजवीकडे. डावीकडचा ढीग छोटा होता. दत्ता बघत राहिला.

"ताई, हे काय करून राहिल्या?"

मी म्हटलं, निवडते आहे.

"तुमी निवडलं, मंग चान्स कुठं राहिला?"

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. त्यानं माझे दोन्ही ढीग एकात एक मिसळून टाकले, पण ट्रंक माझ्याजवळच ठेवली.

संध्याकाळी रानात गेलो. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तूर, सोयाबीन निघून गेलं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो आणि काही रात्री कळप आपल्या रानात बसवून घेतो. रातभराच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, बदल्यात मेंढपाळाला ज्वारी मिळते. कळपाभोवती खुंट्या रोवून दोरीचं जाळं उभं करतात, त्याला वाघर म्हणतात. काल या तुकड्यात, आज पुढच्या, असं करत वाघर सगळं रान फिरते.

हा कळप गंगारामबापूंचा आणि त्यांच्या बायकोचा, कोंडाबाईचा. वाघरीच्या एका कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूनं, दत्ताचं यंत्र उभं होतं. तीन बांबू वर एकत्र बांधलेले, मधून ब्रेकच्या वायरीला टांगलेलं औताचं जुनं लोखंड, त्याला सायकलच्या दांड्याचा हात, हाताच्या टोकाला पेन. खाली पत्र्याच्या पेटीत फळीवर कागद, दव लागू नये म्हणून. लोखंडापासून एक दोरी वाघरीला बांधलेली. मेंढीनं जाळ्याला पाठ घासली किंवा कळपानं एका बाजूला अंग टाकलं की दोरी ताणली जाते, लोखंड झुलतं, पेन फिरतं. वाघर बंद झाल्यापासून ऊन पडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही, हा दत्ताचा एकच नियम. कोंडाबाई तो इतका पाळायची की तिकडून जाताना पदर सावरून लांबून वळसा घ्यायची.

तिनं मला मेंढीच्या दुधाचा चहा दिला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी एकटीच, म्हटलं.

"मंग भाकरी कोणासाठी करता?"

भाकरी बहुतेक विकतच आणते, असं मी सांगितलं. ती उठून गंगारामबापूंकडे गेली आणि पुण्यात भाकर इकत भेटते, ही बातमी त्यांना देऊन आली.

दुसऱ्या सकाळी एक गोष्ट बघितली, जी मला पत्रात किंवा फोनवर दत्तानं कधी सांगितली नव्हती. ऊन पडलं, त्यानं पेटी उघडली, आणि त्याच्याही आधी गंगारामबापूंनी वाकून कागद पाहिला. घरटं बारीक होतं. "निवांत," असं म्हणून ते मेंढ्या मोजायला गेले. दत्ताला विचारलं तर तो थोडा लाजला. पहिल्या हिवाळ्यात एकदा कागदावर आडवेतिडवे मोठे फटकारे निघाले होते आणि त्याच सकाळी एका कोकराच्या मानेला दात लागलेले सापडले. लांडगा येऊन वाघरीवर धडकला होता. तेव्हापासून बापू आधी कागद बघतात, मग कळप.

"मी चित्र म्हणून ठेवलं," दत्ता म्हणाला, "बापूला त्याची राखण झाली. रात्री दोन-तीनदा उठायचे, आता झोपतात."

सिद्धेश्वर

दुपारी मोटारसायकलवरून सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो. दत्ताला मला त्याचं फसलेलं यंत्र दाखवायचं होतं. तिथले मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत जाळी टाकायला जातात. लांबून माणूस पाण्यावर नुसताच बसला आहे असं दिसतं. दत्तानं त्यांच्याकडून तराफ्याचा एक तुकडा मागून घेऊन त्यावर पेन उभं केलं होतं, लाटांनी चित्र काढावं म्हणून. लाटांनी कागदच नेला. तराफा अजून काठाला पालथा पडला होता आणि त्यावर कोणाची तरी चड्डी वाळत होती. त्याला त्याचं दुःख वाटत नव्हतं. पाण्याला नको होतं, असं म्हणाला.

काठावरच्या टपरीत ताजे मासे तळून मिळतात, हिरव्या मिरचीच्या वाटणात. काटे फार. बोलता बोलता खाता येत नाही, म्हणून आम्ही आधी खाल्लं आणि मग भांडलो.

माझं म्हणणं असं होतं. तीन भिंतींवर एकसारखी शेकडो घरटी लावली, तर लोक दोन मिनिटांत बाहेर जातील. तीसेक कागद निवडू, चांगल्या चौकटी करू, समोरच्या भिंतीच्या मध्यावर एखादा मोठा, मोकळ्या रेषेचा कागद लावू, म्हणजे आत येणाऱ्याचे पाय थांबतील.

दत्ता म्हणाला, "तुमी चांगले चांगले निवडले तर लोक म्हणतील, दत्तानं काय झकास चित्रं काढली. मी तर काढलीच न्हाईत, ताई."

मी म्हटलं, आणि कंटाळले तर?

"होऊ द्या की. मेंढ्या तरी रातभर कुठं काय करून राहिल्यात? बसून राहतात."

मी त्याला सांगितलं की तीस वर्षं मी भिंती मांडते आहे, लोक कशापुढे थांबतात हे मला कळतं. तो म्हणाला, मला ते बराबर मान्य आहे. एवढं मान्य करूनही तो हलला नाही. शेवटी त्यानंच तोड काढली. उद्याची रात्र तुम्ही कळपापाशी राहा, सकाळी बोलू. येताना औंढ्याजवळ चेन निसटली. ती बसवताना त्याचे हात काळे झाले आणि माझा दुसरा कुर्ताही गेला.

पुन्हा साखरा

दुसऱ्या दिवशी रात्री कोंडाबाईनं मला तिच्या शेजारी वाकळ अंथरून दिली. रात्र कोरडी आणि थंड होती. वारा नव्हता. मेंढ्या एकदा बसल्या त्या बसल्या. मला चांगली झोप लागली, याचंच मला आश्चर्य वाटलं.

जाग आली तेव्हा पूर्वेला नुकतं उजळत होतं. कोंडाबाई घागर घेऊन विहिरीकडे गेली होती. गंगारामबापू घोंगडी तोंडावर ओढून झोपले होते आणि त्यांच्या पायाशी कुत्रं. मी यंत्रापाशी गेले आणि पेटीच्या फटीतून आत पाहिलं. कागदाच्या मधोमध बोराएवढं घरटं. बाकी सगळा कागद पांढरा.

मी लोखंडाला तळहात लावला आणि एकदा ढकललं. फार जोरात नाही.

पेन घरट्यातून बाहेर पडलं आणि कागदाच्या कडेपर्यंत गेलं, वळलं, परत आलं, थोडं तिरकं, पुन्हा गेलं. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा जरा आत. केळीचं पान उलगडावं तसं काहीतरी तयार होत गेलं. लोखंड थांबेपर्यंत मी तिथंच उभी होते, मग वाकळीवर येऊन बसले.

दत्ताच्या भल्यासाठी केलं, असं लिहिता आलं असतं. मला वाद जिंकायचा होता. आणि दुसरं म्हणजे कित्येक वर्षांत माझ्या हातून रेघ उमटली नव्हती आणि ती उमटावी असं त्या क्षणी मला फार वाटलं. दोन्ही खरं आहे. कोणतं आधी, ते मला सांगता येणार नाही.

ऊन पडल्यावर दत्ता आला. त्यानं पेटी उघडली. कागद दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचंच खरं. असा एखादा येत असंल, तर लोकांनी तोच पाहिला पाहिजे. तुमी निवडा. हा मधी लावा." वायर अजून लांब केली तर असे कागद वाढतील का, याचा तो तिथंच विचार करू लागला. बांबूची उंची हातानं मोजू लागला.

मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला.

तेवढ्यात गंगारामबापूंनी दत्ताच्या खांद्यावरून कागद पाहिला. ते वाघरीकडे गेले, मेंढ्या मोजल्या आणि परत मोजल्या. सगळ्या होत्या. मग वाघरीच्या बाहेरून खाली बघत एक फेरी मारली. जमीन टणक, ठसा कशाचाच नव्हता. परत येऊन म्हणाले, "लांडगा फिरून गेला."

कोंडाबाई म्हणाली, कुत्रं भुंकलं नाही.

"कुत्रं झोपलं, मीबी झोपलो. कागद झोपला न्हाई." मग त्यांनी कुत्र्याकडे पाहून त्याचं वय काढलं, त्याच्या खाण्याचं काढलं. कुत्रं शेपटी हलवत ऐकत होतं.

त्या रानात अजून दोन रात्री बसायचं ठरलेलं होतं. बापूंनी लगेच निघायचं ठरवलं. पलीकडच्या शिवारात त्यांचा मेहुणा कळप घेऊन होता, दोन्ही कळप एकत्र केले तर राखणीला माणसं वाढतील, असा हिशोब. कोंडाबाईनं एका मेंढीकडे बोट दाखवलं. ती आज-उद्या विणार होती, तिला चालवू नका म्हणाली. बापू म्हणाले, "आज बघून गेला, उद्या घेऊन जाईल," आणि खुंट्या उपटायला लागले.

वाघर गुंडाळायला वेळ लागतो. गाठी सोडायच्या, जाळं झटकायचं, घड्या घालायच्या. बोलायला तेवढा वेळ भरपूर होता. मी वाकळीची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा नीट घातली.

शेताचा मालक आला तेव्हा वाघर बापूंच्या ओझ्याच्या घोड्यावर चढली होती. अर्धं रान बसवलं आणि अर्धं तसंच सोडून चाललात, ही कुठली रीत, असं तो बापूंना म्हणाला. बापूंनी लांडग्याचं सांगितलं. कशावरून, असं मालकानं विचारलं, तर बापूंनी कागदाकडे बोट केलं. मालकानं कागदाकडे पाहिलं आणि मग दत्ताकडे. मालक आणि बापूंमधला व्यवहार जमवून देणारा दत्ताच होता, त्यामुळे पुढचं सगळं त्याला ऐकावं लागलं. पुढच्या साली दुसऱ्याचा कळप आणीन, हेही. दत्ता मला म्हणाला, ताई, तुमी कोंडाबाईसंगं चालत पुढं व्हा, मी याला शांत करून कागद घेऊन येतो, तिथून तुम्हाला हिंगोलीला सोडतो.

वाटेवर

कळपाच्या मागून चालताना समोर नुसती धूळ असते. बापू पुढे होते. कोंडाबाई आणि मी मागे, आणि आमच्याही मागे पडत ती मेंढी. एका बाभळीखाली ती बसली आणि उठेना. कोंडाबाईनं पुढं हाक दिली नाही. पदर खोचून खाली बसली.

कोकरू आलं तेव्हा ते हलत नव्हतं. कोंडाबाईनं त्याच्या तोंडातलं, नाकातलं बोटानं काढलं, मागचे पाय धरून दोनदा झुलवलं आणि वाळल्या गवतानं त्याच्या छातीवर चोळायला लागली. ती चोळत होती आणि मी उभी होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते शिंकलं. मेंढीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली, तरी कोंडाबाई चोळतच राहिली.

मी म्हटलं, "कोंडाबाई, लांडगा आला नव्हता. ते लोखंड मी ढकललं."

तिनं हात थांबवला नाही. "काहून?"

"चित्र चांगलं यावं म्हणून."

"आलं का?"

"आलं."

कोकरू पुढच्या पायांवर उठायला बघत होतं आणि कोसळत होतं. मग ती म्हणाली, "म्हंजी लांडगा तुमीच व्हय." हसली नाही. रागावलीही नाही, निदान मला तसं दिसलं नाही. म्हणाली, "त्यांना तुमीच सांगा. म्या सांगतलं तर म्हणतील, थांबायचं होतं म्हणून बनवून सांगून राहिली."

मी धुळीतून पुढं गेले आणि गंगारामबापूंना सांगितलं. तीन वाक्यांत झालं. ते चालायचे थांबले. पहिल्यांदा म्हणाले, "मंग कुत्रं भुंकलं न्हाई, ते बराबर होतं." त्यांनी कुत्र्याला जवळ बोलावलं, फडक्यातली भाकर सोडून अर्धी त्याच्यापुढं टाकली. परत जाऊ या का, असं मी विचारलं. मालकाशी मी बोलेन, म्हटलं.

"आता कुठं परत? तो बोलून बसला." मग म्हणाले, "कागद खराब केला असता तर काय तकलीफ न्हवती, ताई. पण मी तो वाचून झोपत होतो."

कळप पुढं गेला होता, ते त्याच्या मागं गेले.

कोंडाबाई कोकरू उचलून, मेंढीला घेऊन कळपामागं गेली, आणि दत्ता आला तेव्हा मी परत येऊन त्याच बाभळीखाली बसले होते. त्याच्या पाठीवर कागदांची गुंडाळी होती. मालकाला दोन पोती जास्तीचं शेणखत कबूल करून आलो, असं हसत सांगत होता. मी त्यालाही सांगितलं. त्यानं गुंडाळी पाठीवरून काढली आणि मांडीवर आडवी ठेवून बसला. प्रदर्शन आता होत नाही, असं मी धरून चालले. तसं झालं असतं तर मला एक प्रकारे सुटल्यासारखं वाटलं असतं, हेही सांगते.

"त्या कागदापायी मी तुमचं ऐकलं," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"वायर लांब करणार होतो. पुढचा अख्खा हिवाळा त्याच्यामागं गेला असता. म्हणलो असतो, मेंढ्या काहून तसं करून राहिल्या न्हाईत."

मी पुन्हा हो म्हटलं.

मग तो म्हणाला, सगळे कागद लावायचे. ज्या रात्री आले त्या क्रमानं, एकही गाळायचा नाही, चौकटी नाहीत. खाली त्याचं नाव नको, रानाचं नाव पुरे. यंत्र पुण्याला यायचं नाही. ते इथं कामाला आहे, तिथं लोक नुसते ढकलून बघतील. हे वाक्य तोंडातून गेल्यावर तो थबकला, पण त्यानं ते मागे घेतलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, आणि माझा कागद मी फाडून टाकते.

"न्हाई. तो काढला तर तीबी निवडच झाली. त्याच्या जागेवर तो राहू द्या. खाली काय झालं ते लिहा. तुमच्या हातानं."

मग त्यानं मला हिंगोलीला सोडलं. स्टँडवर उसाचा रस पाजला.

पुणे

पावसाळ्यात प्रदर्शन झालं. कागद चिमट्यांनी लावले, डोळ्यांच्या उंचीला एक ओळ, तिच्याखाली दुसरी, तीनही भिंतींवर. दोन मिनिटांत लोक बाहेर जातील हा माझा अंदाज साधारण बरोबर निघाला. काही जण मात्र खुर्ची ओढून बसले. दत्ता आणि मीना दोन दिवस येऊन गेले. मीनानं एक चक्कर मारली आणि म्हणाली, "भिंतभर नुसत्या निजलेल्या मेंढ्या." दत्ताला ते फार आवडलं. आलेल्या प्रत्येकाला तो तेच सांगत होता. गंगारामबापू आणि कोंडाबाई आले नाहीत, कळप सोडून येता येत नाही.

दुसऱ्या भिंतीवर शेवटाकडे तो कागद होता. लोक तिथं थांबत. खाली मी लिहिलं होतं की या रात्री कळप शांत होता, पहाटे लोखंड मी ढकललं, आणि त्यामुळे गंगारामबापूंनी कळप हलवला. सगळ्यात सुंदर तोच आहे, असं बरेच जण मला येऊन सांगत. खालचं न वाचता सांगत, आणि काही जण वाचूनही.

आता पुन्हा हिवाळा आहे. दत्ताचा परवा फोन आला होता. त्या मालकानं बोलल्याप्रमाणे दुसरा कळप आणला. गंगारामबापूंना सेनगावच्या बाजूला रान मिळालं आहे, जरा लांबचं. कोकराची आता चांगली मेंढी झाली आहे. यंत्र पुन्हा उभं केलंस का, असं मी विचारलं. केलंय म्हणाला. बापूंनी नाही म्हटलं नाही, दोरी त्यांनीच वाघरीला बांधली.

आणि कागद अजून बघतात का, असं मी विचारलं.

बघतात, तो म्हणाला. घरटं बारीक असलं की काही बोलत नाहीत. एखाद्या सकाळी कागदावर मोठा फटकारा दिसला, की आधी दत्ताला विचारतात, रात्री कोणी पाव्हणं आलतं का. दत्ता सांगतो, कोणी नव्हतं. ते पुन्हा एकदा विचारतात. मग मेंढ्या मोजायला जातात.